कबुतरांची हवा

बनामावशी हसली की ढाबळीतली सगळी कबुतरं एकदम उडायची. तिचं हसणं पोटातून निघायचं, वाटेत कुठं अडायचं नाही, आणि शेवटी नाकातून बारीक शिट्टी वाजवून थांबायचं. सिंदी गावात स्टेशनामागे आमची घरं ओळीनं होती. तिच्या आणि आमच्या घरात एक कुडाची भिंत. त्यामुळे ती तिकडे हसली तरी आमच्या चुलीपाशी कोणी हसल्यासारखं वाटायचं. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा बरेच दिवस मला वाटत होतं की ही बाई मलाच हसते. मग एकदा भिंतीच्या फटीतून आवाज आला, "शेवंते, तुले तोंड हाय का नाई व? का माहेरीच ठेवून आली?"

मी फटीपासून मागं सरकले. तिकडे शिट्टी वाजली, कबुतरं उडाली.

मला आजही चार माणसांत बोलता येत नाही. कागदापुढे तेवढी लाज वाटत नाही, म्हणून तिच्याबद्दल जसं आठवेल तसं लिहून ठेवते.

बनामावशी अंगानं भरलेली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायात काही नाही, आणि कपाळ इतकं मोठं की ती म्हणायची, यात दोघींची अक्कल मावते, अर्धी जागा भाड्यानं देते. पान नाही, तंबाखू नाही. नाद एकच, कबुतरांचा. तिचा नवरा सुखदेवकाका रेल्वेत पॉइंट्समन होता. गाडी कोणत्या रुळावर जायची तो खटका त्याच्या हातात असे. मावशी जेवढी बोलकी तेवढा काका मुका. ती त्याचं नाव घेत नसे, "आमचा पाइंटमन" म्हणायची. "दिवसभर गाड्या वळवते," ती सांगायची, "पण घरची बायको काही वळत नाई त्याच्यानं." काका हे ऐकून मिशीतल्या मिशीत हसायचा आणि बिडी पेटवायचा.

त्यांना मूलबाळ नव्हतं. याबद्दल कोणी हळहळ दाखवली तर ती वर ढाबळीकडे बोट करून म्हणायची, "हे काय कमी हायेत? अन् यायले सदरा बी शिवा लागत नाई."

ढाबळ मागच्या पडवीत होती. कापसाच्या जिनातून टाकून दिलेली लाकडी खोकी तिनं एकावर एक रचून पार आढ्याला भिडवली होती. मांजरीच्या भीतीनं पडवी तिन्ही बाजूंनी तट्ट्यांनी बंद केलेली, वारा शिरायला जागा नाही. आत कायम कोरडा, उबट वास. खोक्यांखाली कबुतरांच्या विष्ठेचा थर साचायचा आणि वाळून पांढरा पडायचा. आठवड्यातून एकदा मावशी खराटा घेऊन आत शिरायची. मग पडवीतून धुळीचा लोट निघायचा, कवडशात ती धूळ पिठासारखी तरंगायची, आणि त्या लोटाच्या मधोमध मावशी मोठ्यानं गाणं म्हणत खराटा मारायची. बाहेर आली की भुवया पांढऱ्या. "पाय व, म्हातारी झाली," म्हणून मला दाखवायची. ते सगळं झाडून ती मिरचीच्या आळ्यात घालायची. तिच्या मिरच्या खरंच बोटाएवढ्या व्हायच्या.

कबुतरांना तिनं स्टेशनातल्या माणसांची नावं दिली होती. छाती काढून चालणारा मोठा नर म्हणजे टेशनमास्तर. सारखा मान हलवणारा तो गार्ड. दुसऱ्याच्या खोक्यात डोकं घालून पाहणारी एक मादी होती, ती टीसी. एकदा खरे स्टेशनमास्तर मागच्या वाटेनं चालले होते, आणि त्याच वेळी मावशीनं वर पाहून हाक दिली, "टेशनमास्तर, उतर खाली मेल्या, दुसऱ्याच्या बायकोजवळ काऊन बसला?" मास्तर जागीच थांबले. सुखदेवकाका घरात होता, तो खाटेखाली गेला. मावशी मात्र मास्तरांना हात जोडून म्हणाली, "साहेब, तुमाले नाई. तुमच्यापेक्षा हा लय वाईट हाय." मास्तर पुढं गेले, पण त्यांचे खांदे हलताना मी आमच्या मागच्या दारातून पाहिले.

आम्ही सगळ्यांनी धम्म घेतला त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. घरातले देव नदीत सोडले होते. नवस, अंगारा, उतारा, सगळं बंद. यात बनामावशी सगळ्यांच्या पुढे. एखादी बाई पोराची दृष्ट काढताना दिसली तर ती तिच्या मुठीतल्या मिरच्या काढून घ्यायची आणि म्हणायची, भाजीत टाक, पोट्ट्याच्या अंगाले लागतीन. पण एका गोष्टीवर तिचा पक्का भरवसा होता. कबुतरांच्या पंखांची हवा लकव्याच्या माणसाला चांगली. ही काही देवाची गोष्ट नव्हती, म्हणून ती सोडायचं कोणाच्या मनातच आलं नाही. आमच्या लेखी ते औषध होतं.

त्या औषधासाठी लांबून माणसं यायची. सेलूकडून, समुद्रपूरकडून बैलगाडीत गादी टाकून लकवा झालेला माणूस आणायचे. मावशी त्याला पडवीत खाटेवर, बरोबर खोक्यांच्या खाली निजवायची. मग टाळ्या वाजवायची. कबुतरं फडफड करून उडायची, बंद पडवीत घिरट्या घालायची, हवा सुटायची, धूळ सुटायची. ती कोणाकडून काही घेत नसे. येताना कबुतरांसाठी ओंजळभर ज्वारी आणजा, एवढंच तिचं म्हणणं.

तिचं नाव झालं ते सेलूच्या एका किराणावाल्या शेटजीमुळे. शेटजींचं तोंड वाकडं झालं होतं आणि बोलणं कोणाला कळत नव्हतं. त्यांना निजवलं, मावशीनं टाळ्या वाजवल्या, कबुतरं उडाली, आणि टेशनमास्तरानं नेमकं शेटजींच्या कपाळावर टाकलं. त्याबरोबर शेटजींनी कबुतराच्या आईला अशी स्वच्छ, अक्षर न् अक्षर कळेल अशी शिवी दिली की त्यांचा मुलगा रडायलाच लागला. किती महिन्यांनी बापाचा शब्द कळला होता. मावशीनं लगेच शेटजींचं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "अजून एक द्या शेटजी. गुण येऊन राह्यला." त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी तिच्या दारात एखादी तरी बैलगाडी उभी असायची.

त्या वर्षी थंडीत तिला थोडा खोकला झाला होता. आला तसा गेला. होळीनंतर डोकं दुखायला लागलं. आधी तिनं कपाळाला फडकं आवळलं, मग सुंठ लावली. मग सकाळी उठली की उलटी व्हायची. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या, तर ती म्हणाली, या वयात पाळणा हलवाचा असन तं पाइंटमनलेच झोका द्या लागन. हसायला गेली आणि डोकं धरून बसली. शिट्टी वाजलीच नाही.

पुढं तिला एकाचे दोन दिसायला लागले. पाण्याचा गडू उचलायला गेली की हात भलतीकडेच पडायचा. ती हे पण मजेनं सांगायची. "शेवंते, एका नवऱ्यानं जीव खाल्ला होता, आता दोन दोन दिसून राह्यले. अन् दोघंबी मुके." पण तिचा उजवा डोळा आत, नाकाकडे वळला होता, आणि तोंडाची एक बाजू किंचित खाली आली होती. ओळीतल्या सगळ्या बायांनी पाहिलं आणि सगळ्यांनी एकच सांगितलं. लकवा.

मग आम्ही तिला तिच्याच पडवीत, तिच्याच खोक्यांखाली निजवलं. आता टाळ्या वाजवायची पाळी आमची होती. बाया आळीपाळीनं यायच्या. एक दमली की दुसरी. मीही वाजवल्या. कबुतरं बिचारी दिवसभर उडत होती. आम्ही पडवी जास्तच झाडायला लागलो, मावशीला स्वच्छ राहावं म्हणून, तोच कोरडा खराटा घेऊन. ती खाली पडल्या पडल्या आम्हाला शिकवायची, टाळी अशी नाही, तळवा पोकळ ठेव. तिला गुण येत नव्हता. मान ताठ झाली. हनुवटी छातीला लागेना. मग एक दिवस ती मला तिची मेलेली आई समजून बोलायला लागली, आणि त्या बोलण्यात एकही विनोद नव्हता. त्या वेळी मी घाबरले.

सुखदेवकाका ड्यूटीवरून आला. दारात उभा राहून त्यानं ऐकलं. त्यानं टोपी काढली, परत घातली, आणि मला म्हणाला, "शेवंता, चाल. नागपूरले नेतो हिले. संग बाईमाणूस पाहिजे." त्यानं माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. पॅसेंजर आली तेव्हा स्टेशनमास्तर स्वतः खाटेचा एक पाय धरायला आले. गाडी त्या दिवशी सिंदीला जरा जास्तच थांबली.

नागपूरच्या दवाखान्यात आधी त्यांनी मेंदूचा क्षय समजून सुया दिल्या. फरक पडला नाही. मग एका तरुण डॉक्टरानं तिला कुशीवर वळवून, पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढलं. तो पुण्याकडचा होता. जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलणं अगदी पुस्तकातलं. पाणी काढल्यावर डोक्यातला दाब उतरला असावा, कारण मावशी शुद्धीवर आली आणि पहिल्यांदा काय म्हणाली तर, "हा चष्मेवाला एकच हाय का दोन?"

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर घाईघाईनं आला. खाटेजवळ बसला आणि काकाला विचारलं, "घरी कबुतरं आहेत का?"

काका माझ्याकडे पाहायला लागला. मावशीनं डोळे मिटूनच उत्तर दिलं, "हायेत न. कोणतं पाहिजे?"

डॉक्टर हसला नाही. आजवर काय काय उपचार केले, असं त्यानं विचारलं. काका टोपी हातात फिरवत बसला. मावशीला पुन्हा ग्लानी आली होती. शेवटी मलाच सांगावं लागलं की कबुतरांची हवा दिली. कशी दिली, हेही त्यानं विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, बंद पडवी, टाळ्या, खराटा. त्यानं चष्मा काढला, कितीतरी वेळ पुसला, मग परत घातला.

संध्याकाळी मावशी जागी असताना त्यानं आम्हा तिघांना समजावून सांगितलं. काढलेल्या पाण्यात त्यानं काळ्या शाईचा थेंब मिसळून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली पाहिलं होतं. काळ्या शाईत गोल गोल ठिपके, आणि प्रत्येकाभोवती पांढरं कडं. ती बुरशी होती.

"लोणच्यावर येते, तिचीच भावकी," तो म्हणाला.

"माह्या लोणच्याले कधी बुरशी आली नाई," मावशी म्हणाली. "कोणाले बी विचारा."

"लोणच्याला नाही आली बाई. मेंदूवरच्या पडद्याला आली."

मावशीनं काकाकडे पाहिलं. "आयकलं का? मेंदू निंघाला माह्या डोस्क्यात. तुमी म्हणत होते नाई म्हणून."

डॉक्टरानं मग एक एक पायरी सांगितली. ही बुरशी कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढते. कोरडं झाडलं की धुळीबरोबर उडते. इतकी बारीक की दिसत नाही. श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. बहुतेक माणसांच्या अंगात ती तिथंच मरते, नाहीतर निपचित पडून राहते, माणसाला पत्ताही लागत नाही. एखाद्याच्या अंगात मात्र ती फुप्फुसातून रक्तात उतरते, आणि रक्ताबरोबर फिरत फिरत मेंदूभोवतीच्या पातळ पडद्यापाशी पोचते. तिथं तिला ठाण मांडायला आवडतं. ती वाढली की पडदा सुजतो, आतलं पाणी तुंबतं, दाब चढतो. म्हणून डोकं दुखलं, उलट्या झाल्या, मान ताठली. डोळ्याची आणि तोंडाची शीर त्या दाबात सापडली म्हणून डोळा वळला, तोंड वाकडं झालं. हा लकवा नव्हे.

"मंग माही कबुतरं काऊन नाई मरत?"

"त्यांना काही होत नाही. ती आजारी नसतात."

"अन् आमचा पाइंटमन? तो बी तं तिथंच राह्यते."

"हा आजार एकाला का होतो आणि दुसऱ्याला का नाही, ते अजून आम्हालाही नीट माहीत नाही," डॉक्टर म्हणाला. "पण एवढं नक्की, तुमच्यापासून तो कोणाला होत नाही. जवळ बसून नाही, एका ताटात जेवून नाही."

मावशीला हे फार आवडलं. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, पोट्टा चांगला हाय, माईत नाई तिथं माईत नाई म्हणते.

औषध नवीनच निघालेलं होतं आणि परदेशातून यायचं. त्या डॉक्टरानं कुठं कुठं तारा करून ते मुंबईहून मागवलं. तोवर त्यानं दोनदा तिच्या पाठीतून पाणी काढून डोक्याचा दाब उतरवला. औषध येण्याआधी त्यानं काकाला बाजूला घेऊन सांगितलं की याच्याशिवाय ही वाचणार नाही, आणि यानं वाचेलच असंही नाही. काकानं मान हलवली. मग व्हरांड्यात जाऊन त्यानं एक बिडी दोन्ही बाजूंनी पेटवली आणि फेकून दिली.

पिवळं पाणी शिरेतून थेंब थेंब जायचं. बाटलीला उजेड लागू नये म्हणून तिच्यावर फडकं गुंडाळलेलं असे. थोडा वेळ गेला की मावशीला हुडहुडी भरायची. अशी भरायची की दात वाजायचे आणि लोखंडी खाट सिमेंटवर कटकट करत पुढं सरकायची. सुरू होताना खाट भिंतीपाशी असे, थंडी उतरेपर्यंत शेजारणीच्या खाटेला जाऊन लागायची. मी आणि नर्सबाई दोघी खाट धरून ठेवायचो. मावशी कापत कापत म्हणायची, "सोडा व. तिकीट काढलं हाय. सिंदीपर्यंत जाऊ द्या."

हुडहुडीतही तिला गप्प राहवत नव्हतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं की तुम्हाला झालं तरी काय, तर तिनं सगळा आजार तिच्या पद्धतीनं सांगितला. नाकाच्या टेशनावर बुरशी फुकट गाडीत बसली. फुप्फुसाच्या यार्डात बरेच दिवस डबा उभा. कोणी विचारलं नाई, कोणी सिग्नल दिला नाई. मंग रक्ताच्या लाइनीवर चढली आणि थेट डोस्क्यात उतरली. "अन् तिथं उतरून रांडनं चूल मांडली," ती म्हणाली. शेजारीण हसली. तिच्या पलीकडची हसली. पुढं ही गोष्ट ऐकायला दुसऱ्या वॉर्डातल्या बाया यायला लागल्या. डॉक्टरही एकदा दारात थांबून ऐकत होता. त्यानं फक्त एवढं सांगितलं की फुप्फुसाच्या यार्डात बहुतेक डबे कायमचेच राहतात, हे पण सांगत जा, नाहीतर लोक उगाच घाबरतील. तेव्हापासून ती तेही सांगायची.

ती फक्त एकदाच गप्प झाली. डॉक्टर म्हणाला की ढाबळ मोडल्याशिवाय मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. तिनं भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. काकानं हाक मारली तरी बोलली नाही. त्या दिवशी औषध चढवायलाही हात देईना. नर्सबाई रागावली, डॉक्टर समजावून गेला. मी तिच्या पायाशी बसून राहिले. तिचे पाय दाबत होते. दिवस मावळताना ती भिंतीशीच बोलली, "शेवंते, मी त्या सगळ्यायले त्या धुळीत निजवलं व. सेलूच्या शेटले. त्या समुद्रपूरच्या म्हातारीले. लोकाईनं माह्यावर भरवसा ठेवला."

मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले न, लाखातल्या एखाद्यालाच होतो.

"पण धूळ तं मीच चारली सगळ्यायले," ती म्हणाली. मग वळली आणि हात पुढं केला. सुई घातल्यावर तिनं काकाला बोलावून एक एक गोष्ट सांगितली. ढाबळ मोडजो. आधी पाणी मारजो, चांगली भिजू देजो. कोरडी झाडजो नको. नाकातोंडाले फडकं बांधजो. खड्डा करून बुजवजो, मिरचीले टाकजो नको. आणि पाखरं गिरडले नेऊन सोडजो, तिथं टेकडीवर दर्ग्याजवळ लोक दाणे टाकतात, उघड्यावर राह्यतीन.

काका सुटी काढून गेला. परत येऊन तो जे बोलला तेवढं तो आयुष्यात एका वेळी कधी बोलला नसेल. त्यानं ढाबळ भिजवली, मोडली, सगळं पुरलं. कबुतरं टोपलीत घालून, वर फडकं बांधून मोटारीनं गिरडला नेली. मोटारीत टेशनमास्तर सारखा घुमत होता म्हणून कंडक्टरनं त्याचंही तिकीट मागितलं. टेकडीवर चढून काकानं टोपली उघडली, सगळी उडाली. त्याचे डोळे भरून आले. तो खाली उतरला, चहा प्याला, परतीच्या मोटारीनं सिंदीला आला. पाहतो तर सगळी घराच्या कौलावर ओळीनं बसलेली.

"अन् टेशनमास्तर?" मावशीनं विचारलं.

"तो मधी," काका म्हणाला. "छाती काढून."

मावशी अशी हसली की हातातली सुई निघाली आणि नर्सबाईनं आम्हा दोघांनाही वॉर्डाबाहेर काढलं. पण तिच्या हसण्याच्या शेवटी शिट्टी वाजली होती. मी काकाकडे पाहिलं. त्यानंही ऐकली होती.

खोकी नाहीत, दाणे नाहीत, म्हणून पुढं कबुतरं आपणच जिनाच्या उंच पत्र्यावर राहायला गेली.

मावशी घरी आली ती अर्धी होऊन. उजवा डोळा थोडा वळलेलाच राहिला, एका कानानं कमी ऐकू यायला लागलं. पण आली. ओळीतल्या बायांनी मात्र तिला पाहून पदर नाकाला लावले. नळावर तिची बादली आली की बाकीच्या बादल्या मागं सरकायच्या. काकालाही स्टेशनात वेगळा पेला ठेवला. मावशीनं ते पाहिलं आणि नळावर सगळ्यांदेखत म्हणाली, "एका विटाळातून बाबासाहेबांनी सोडवलं. आता हा दुसरा तुमी काढला का व?" मग तिनं एकीला पाठमोरी उभी केली, घरातून आणलेल्या पोळीच्या पिठानं तिच्या लुगड्यावर नाक काढलं, फुप्फुस काढलं, रक्ताची लाइन काढली, आणि तिथल्या तिथं सगळा प्रवास सांगितला. माह्यापासून तुमाले होत नाई, हे शेवटी. कबुतराची घाण झाडाची असन तं आधी पाणी मारा, हे त्याच्या नंतर. ती बाई घरी गेली तेव्हा तिच्या सासूला पाठीवरचं ते चित्र पाहून वाटलं की सुनेला कोणी पिठाच्या हातानं मारलं.

लकव्याची माणसं अजून यायची. मावशी त्यांची बैलगाडी दारातूनच वळवायची आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवायची. काही लोक शिव्या देऊन जायचे. मोठी झाली, आता हवा पण देत नाही, म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. ज्यांना ज्यांना तिनं आधी निजवलं होतं त्यांच्या गावी ती एक एक करून जाऊन आली. डोकं दुखते का, खोकला हाय का, विचारून आली. सगळी धड होती. शेटजींनी तर तिला पाहून गूळ-खोबरं दिलं, आणि ते खाताना ती रडली, असं काकानं मला सांगितलं.

पुढच्या वर्षी काकाची बदली लांब, खानदेशाकडे झाली. सामान बांधायच्या आधी ती मला घेऊन सेलूच्या बाजाराला गेली. बाजारातून परत येताना एका बोळात ती थांबली. आतून टाळ्यांचा आवाज येत होता, आणि पंखांचा.

ते घर कोणाचं, आम्हाला माहीत नव्हतं. मावशी सरळ आत गेली. मागच्या बंद पडवीत एक म्हातारा खाटेवर पडला होता, तोंड वाकडं, एक हात पोटावर मेल्यासारखा. वर खोक्यात कबुतरं. एक तरुण सून टाळ्या वाजवत होती आणि कवडशात धूळ तरंगत होती. तिनं विचारलं, कोण व तुमी? मावशी खाटेपाशी गेली. पदरानं म्हाताऱ्याचं नाक झाकलं आणि मला म्हणाली, "शेवंते, खाटेचा पाय तिकडून धर."

मी परक्याच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. मी खाट धरली. आम्ही म्हाताऱ्याला खाटेसकट अंगणात आणलं. सून मागोमाग ओरडत आली. मावशीनं तिला आपला वळलेला डोळा दाखवला आणि सगळं सांगितलं, या वेळी गमतीनं नाही, भराभर, साध्या शब्दांत. सून ऐकत गेली तसा तिचा आवाज खाली आला. शेवटी तिनं विचारलं, "मंग बाई, लकवा कशानं बरा होईन?"

बनामावशीजवळ कशाचंही उत्तर तयार असायचं. तिनं म्हाताऱ्याचा पोटावरचा हात उचलून नीट ठेवला.

"मले माईत नाई," ती म्हणाली. "पण ज्याले माईत असन त्याच्याकडे नेऊ. उचल, मी येते संग."

सुनेनं शेजारणीला हाक मारली. चार पाय, चार बाया. मी मागं होते, त्यामुळे मला म्हाताऱ्याच्या डोक्यावरून फक्त मावशीची पाठ दिसत होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मान जरा कलती, चांगला कान पुढं केलेला. आम्ही बोळातून भर बाजारात आलो. भाजीवाल्या, कापडवाले, सगळे पाहायला लागले. मावशी कोणाकडे पाहत नव्हती. टोपल्यांमधून, सायकलींमधून वाट काढत ती मोठ्यानं सांगत चालली होती, "सरका बाप्पा, सरका. माणूस येऊन राह्यला."